लाकडी फरशीची खरी परीक्षा श्रावणात

देवळाली कॅम्प : फळ्या कोणत्या लाकडाच्या, रंग कोणता आणि दर काय, याची चौकशी सगळेच करतात. ज्या खोलीत त्या बसवायच्या, त्या खोलीची चौकशी मात्र क्वचितच होते. लाकडी फरशी टिकणार की पहिल्याच पावसाळ्यात फुगणार, हे बहुतेक वेळा फळ्या दुकानातून निघण्यापूर्वीच ठरलेले असते. वर्षातील बराच काळ बंद राहणाऱ्या देवळालीतील जुन्या बंगल्यांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे.

समजा, मे महिन्याच्या सुटीत मुंबईचे एखादे कुटुंब देवळालीच्या बंगल्यात मुक्कामाला आले आहे. आजोबांच्या काळातील शहाबादी फरशी जागोजागी खचली आहे. दिवाणखान्यात वुडन फ्लोअरिंग करावे, असे घरात ठरते. कारागीर येतात, चार दिवसांत काम उरकते, खोलीचे रूप पालटते. जूनच्या पहिल्या आठवड्यात खिडक्या लावून, पडदे ओढून, दाराला कुलूप घालून मंडळी मुंबईला परततात. दिवाळीत कुलूप उघडावे, तर कुबट वास नाकात शिरतो, खोलीच्या मधोमध फळ्यांचा उंचवटा झालेला दिसतो आणि भिंतीलगतच्या पट्ट्या निखळलेल्या असतात. लाकूड फसवे निघाले, असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात लाकडाने आपला धर्म पाळलेला असतो. तयारी खोलीची झालेली नसते.

कोरड्या हवेचा लौकिक

देवळाली कॅम्प हे ब्रिटिश काळात वसलेले लष्करी ठाणे. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंची, थंड हिवाळा आणि कोरडी, मोकळी हवा यांमुळे मुंबईकरांनी ते हवापालटाचे ठिकाण म्हणून जवळ केले. पारशी आणि गुजराती कुटुंबांचे बंगले व आरोग्यभुवने येथे उभी राहिली. उंच छत, मंगलोरी कौले, रुंद व्हरांडा, दगडी जोते आणि भोवती बाग अशी त्यातील जुन्या घरांची ठेवण असते.

कोरड्या हवेचा हा लौकिक खोटा नाही. पण तो वर्षाचे आठ महिने खरा असतो. इगतपुरीच्या घाटमाथ्यासारखा पाऊस देवळालीत कोसळत नाही, तरी जून ते सप्टेंबर या काळात हवेतील दमटपणा पार बदलतो. एप्रिल-मेच्या दुपारी हवेतील सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली उतरते आणि जुलै-ऑगस्टमध्ये तीच ८० टक्क्यांच्या वर जाते. बारमाही दमट असलेल्या मुंबईत लाकडाला एवढा मोठा चढउतार सोसावा लागत नाही. लाकडासाठी सततच्या दमटपणापेक्षा हा चढउतारच अधिक त्रासदायक असतो. देवळालीत काळजी घ्यायची ती यासाठी.

लाकूड कधीच स्वस्थ नसते

झाड तोडल्यावर, फळी कापल्यावर, तिच्यावर पॉलिश चढवल्यावरही लाकूड हवेतील बाष्प घेत आणि सोडत राहते. भोवतालच्या हवेशी जुळते होईपर्यंत हा व्यवहार चालतो. लाकडातील पाण्याचे प्रमाण मोजताना पूर्ण कोरड्या लाकडाचे वजन आधार धरतात. हवेची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ३० टक्के राहिली, तर हे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवर स्थिरावते. आर्द्रता ८० ते ८५ टक्के राहिली, तर ते १६ ते १८ टक्क्यांपर्यंत चढू शकते. घरातील लाकूड सावकाश बदलते, त्यामुळे ही दोन्ही टोके सहसा गाठली जात नाहीत. पण दिशा तीच असते.

पाणी शिरले की फळी रुंदीत फुगते. लांबीत मात्र जवळजवळ बदल होत नाही. साध्या कापाच्या सागवानी फळीतील पाण्याचे प्रमाण एका टक्क्याने वाढले, तर तिची रुंदी सुमारे ०.१९ टक्क्याने वाढते. आकडा किरकोळ वाटतो, पण खोलीभर त्याची बेरीज होते. मे महिन्यात ८ टक्के पाणी असलेले लाकूड पावसाळ्यात १२ टक्क्यांवर गेले असे धरू. चार इंच रुंदीची एक फळी पाऊण मिलिमीटरने फुगेल. बारा फूट रुंदीच्या खोलीत अशा ३६ फळ्या बसतात, म्हणजे एकूण फुगवटा सुमारे २७ मिलिमीटर, एका इंचाहून थोडा अधिक. हा इंच कोठे सामावणार, याचे उत्तर खोली तयार करतानाच द्यावे लागते. दोन्ही भिंतींलगत फट ठेवलेली असली, फळ्या पक्क्या ठोकलेल्या असल्या, तर तो बराचसा जिरतो. फळ्या भिंतीला टेकवून बसवल्या असतील, तर त्यांना वर उचलण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

सागवान या बाबतीत गुणी आहे. इतर अनेक लाकडे याहून अधिक हलतात. भारतीय मानक ब्युरोच्या आय.एस. २८७ या मानकात, वेगवेगळ्या कामांसाठी लाकडात किती पाणी चालेल, हे हवेतील आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडून सांगितलेले आहे. एका गावाला चालणारे लाकूड दुसऱ्या गावाला जसेच्या तसे चालेल असे नाही, हेच त्या विभागणीचे तात्पर्य.

बाजारात लाकडी फरशी म्हणून विकला जाणारा माल तीन प्रकारचा असतो. पहिला अखंड लाकडाचा, साधारण १८ ते २० मिलिमीटर जाडीचा. दुसरा इंजिनिअर्ड वुड, म्हणजे वर खऱ्या लाकडाचा पातळ थर आणि खाली आडवे-उभे चिकटवलेले प्लायचे थर. या रचनेमुळे तो कमी हलतो. तिसरा लॅमिनेट. स्वीडनमधील पर्स्टॉर्प कंपनीने १९७७ मध्ये हा प्रकार शोधून काढला. त्यात लाकडाच्या भुशासारख्या तंतूंचा दाबून केलेला फळा असतो आणि वर लाकडाच्या छायाचित्राचा कागद असतो. लॅमिनेट हवेतील बदल बऱ्यापैकी सोसते, पण सांध्यातून पाणी शिरून एकदा फुगले की वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. तिन्हींची किंमत वेगळी, स्वभाव वेगळा. खालची जमीन कोरडी हवी, ही अट मात्र तिघांनाही समान.

जुन्या घरांनी लाकूड जमिनीला टेकवले नाही

नाशिकच्या जुन्या वाड्यांत लाकडाला तोटा नव्हता. खांब, तुळया, कडीपाटाची माडी, जिने सारे लाकडाचे. तरीही तळमजल्याच्या जमिनीवर कोणी फळ्या पसरल्या नाहीत. तेथे सारवलेली माती असे, नाहीतर दगडी फरशी. माडीवरच्या पाटाखाली मोकळी खोली असे, दोन्ही बाजूंनी हवा खेळे आणि लाकूड टिके. जमिनीलगत ओल आणि वाळवी दोन्ही असतात, हे जुन्या गवंड्यांना आणि सुतारांना पक्के ठाऊक होते. आज तळमजल्यावर लाकूड पसरायचे असेल, तर त्यांनी टाळलेल्या या दोन गोष्टींचा बंदोबस्त आधी करावा लागतो.

जुन्या बंगल्यांचे जोते दगडाचे आणि दर्जा चुन्याच्या असतात. नव्या बांधकामात जोत्याच्या माथ्यावर ओल रोखणारा थर देतात; जुन्या घरांत तो असेलच असे नाही. जमिनीतील पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे दगड-चुन्याच्या सांध्यांतून वर चढते. भिंतीच्या पायथ्याला रंगाचे पोपडे सुटणे, गिलाव्यावर पांढरा लोणा फुलणे, शहाबादीच्या सांध्यांत काळपट रेषा दिसणे, या त्याच्या खुणा. अशा भिंतींना वरून सिमेंटचा गिलावा किंवा प्लॅस्टिक रंग दिला की ओल दिसेनाशी होते, पण जात नाही. भिंतीतून बाहेर पडण्याची वाट बंद झाल्याने ती आणखी वर चढते.

म्हणूनच खोलीची तयारी खोलीच्या बाहेरून सुरू करावी. पावसात घराभोवती एक फेरी मारली तरी पुष्कळ कळते. कौलांच्या पागोळ्या थेट जोत्याशी पडतात का? पन्हळ फुटली आहे का? वर्षानुवर्षे माती आणि फरसबंदी टाकून अंगणाची पातळी आतल्या जमिनीच्या बरोबरीला आली आहे का? फुलझाडांचे वाफे भिंतीला टेकून आहेत का? यातील एकही प्रश्न होकारार्थी असेल, तर आधी तो सोडवावा. पन्हळ दुरुस्त करणे, अंगणाला घरापासून दूर ढाळ देणे, वाफे दोन-तीन फूट सरकवणे ही कामे लाकडी फरशीच्या खर्चापुढे नगण्य आहेत. छावणी क्षेत्रातील जुन्या बंगल्यांचे जोते, भिंती किंवा जमीन खोदण्याचा विचार असेल, तर त्याआधी स्थानिक प्रशासनाकडे परवानगीची चौकशी करणे हिताचे.

ओल मोजायची कशी?

सर्वांत सोपी चाचणी घरच्या घरी करता येते. दीड फूट लांब-रुंद असा जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर पसरून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद कराव्यात. किमान १६ तास, शक्य तर पूर्ण दिवसभर तो तसाच ठेवावा. प्लॅस्टिक उचलल्यावर आतल्या बाजूला दवासारखे थेंब दिसले किंवा झाकलेला भाग भोवतीच्या जमिनीपेक्षा गडद झाला असेल, तर खालून बाष्प येत आहे, हे नक्की. एकाच ठिकाणी चाचणी करून भागत नाही. खोलीच्या मध्यभागी, बाहेरच्या भिंतीलगत आणि न्हाणीघराच्या भिंतीलगत अशा किमान तीन जागा तपासाव्यात.

या चाचणीला मर्यादा आहे. थेंब दिसले तर ओल आहे, हे ती खात्रीने सांगते. थेंब दिसले नाहीत म्हणजे ओल नाहीच, असे मात्र म्हणता येत नाही. काँक्रीटचा पृष्ठभाग कोरडा आणि पोट ओले, असे पुष्कळदा असते. त्यासाठी अधिक काटेकोर पद्धत आहे. काँक्रीटच्या जाडीच्या ४० टक्के खोलीपर्यंत छिद्र पाडून त्यात आर्द्रता मोजणारी नळी बसवतात आणि २४ तासांनंतर आकडा वाचतात. किती आकडा चालेल, हे फळ्यांच्या उत्पादकाच्या सूचनापत्रकात दिलेले असते. अनेक उत्पादक ७५ टक्क्यांच्या आसपास मर्यादा घालतात. ठेकेदाराने कोणत्या तारखेला, कोठे, किती आकडा मोजला, हे कागदावर लिहून घ्यावे. पुढे फरशी फुगली, तर वाद या कागदावरच सुटतो.

मात्र, खरा प्रश्न चाचणी कधी करायची हा आहे. मे महिन्यात देवळालीची जमीन खडखडीत असते. त्या वेळी घेतलेली परीक्षा म्हणजे उन्हाळ्यात छप्पर गळते का, हे पाहण्यासारखे आहे. जमिनीतील ओल सर्वाधिक वर येते ती पावसाळ्याच्या उत्तरार्धात. श्रावण-भाद्रपदात जी जमीन प्लॅस्टिकखाली कोरडी राहिली, तिच्यावर बाराही महिने विश्वास ठेवता येतो. चाचणी श्रावणात आणि फरशी दिवाळीनंतर, असा क्रम ठेवला, तर लाकूडही हवा फार कोरडी नाही आणि फार दमट नाही अशा काळात बसते. मे महिन्यात बसवलेल्या फळ्यांच्या वाट्याला पुढे फुगणेच येते. ऐन पावसात बसवलेल्या फळ्या उन्हाळ्यात आकसून त्यांत फटी पडतात. मधला काळ दोन्ही टोकांना पुरतो.

जमीन ओली निघाली तर?

पहिला पर्याय म्हणजे त्या खोलीत लाकडाचा विचार सोडून देणे. हा पराभव नव्हे. शहाबादी दगड ओल सोसतो, सांध्यांतून बाष्प सोडतो आणि उन्हाळ्यात पाय थंड ठेवतो. खचलेल्या फरश्या उचलून, खालचा भराव ठोकून, त्याच पुन्हा बसवणे अनेकदा अधिक शहाणपणाचे ठरते.

दुसरा पर्याय जमीन मुळापासून करण्याचा. जुनी फरशी व भराव काढून मुरूम पाणी मारून ठोकायचा, दगडाचे सोलिंग करायचे, त्यावर वाळूचा पातळ थर देऊन जाड प्लॅस्टिक कापड अंथरायचे आणि मग काँक्रीट घालायचे. कापडाचे तुकडे एकमेकांवर किमान आठ इंच चढवून चिकटवावेत आणि कडा भिंतीवर वळवून घ्याव्यात. दगड-चुन्याच्या घरात याचा एक दुष्परिणाम संभवतो. जमिनीतून बाहेर पडणारे बाष्प अडवले की ते भिंतींकडे वळते आणि भिंतींची ओल वाढते. त्यामुळे अशा घरात बाहेरचा निचरा सुधारल्याशिवाय आत प्लॅस्टिक घालू नये.

नव्या काँक्रीटला किंवा कोब्याला वाळायला वेळ द्यावा लागतो. त्यावर किमान सात दिवस पाणी मारतात. ते थांबल्यावर वाळण्यास सुरुवात होते आणि ठोकताळा असा की, एक इंच जाडीला साधारण एक महिना लागतो. चार इंच काँक्रीट असेल, तर चार महिने. वरून हात फिरवून कोरडे लागते म्हणून घाई करणारा ठेकेदार हा फरशीचा पहिला शत्रू. येथेही अंतिम शब्द कॅलेंडरचा नव्हे, चाचणीचा.

वाळवी : नंतर संधी नाही

खोली रिकामी झाली की भिंतीचा पायथा, दाराच्या चौकटींचे पाय आणि छपराची लाकडे बारकाईने पाहावीत. मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या, तर वाळवीची ये-जा सुरू आहे, असे समजावे. चौकट ठोकून पाहिल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर आत पोखरणे झालेले आहे. वापरात असलेल्या इमारतींवर वाळवीप्रतिबंधक उपचार कसे करावेत, हे आय.एस. ६३१३ या मानकाच्या तिसऱ्या भागात सांगितले आहे. भिंत आणि जमीन जेथे मिळतात, त्या रेषेवर साधारण एकेक फुटाच्या अंतराने छिद्रे पाडून त्यांत औषध सोडतात आणि छिद्रे बुजवतात. एकदा लाकडी फरशी बसली की हे काम तिची मोडतोड केल्याशिवाय होत नाही. औषध मारल्यानंतर खोली उघडी ठेवून पूर्ण वाळू द्यावी. लहान मुले आणि पाळीव प्राणी त्या काळात दूर ठेवावेत.

सागवानाला वाळवी लागत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. झाडाच्या गाभ्याचे गडद लाकूड वाळवीला दाद देत नाही. सालीलगतचे फिकट, पांढरट लाकूड मात्र वाळवी आणि भुंगेरे दोघांनाही आवडते. फळ्या घेताना फिकट पट्टे असलेल्या फळ्या बाजूला काढाव्यात.

सपाट म्हणजे समपातळी नव्हे

जमिनीचे दोन गुण वेगळे ओळखले पाहिजेत. पाणसळ लावल्यावर बुडबुडा मध्ये आला, तर जमीन समपातळीत आहे. लांब, सरळ पट्टी टेकवल्यावर खाली फट दिसली नाही, तर ती सपाट आहे. जुन्या घरांत जमीन धुण्याची पद्धत असल्याने व्हरांडा आणि स्वयंपाकघराला मोरीकडे ढाळ दिलेला असतो. असा हलका, एकसारखा ढाळ लाकडाला खुपत नाही. उंचवटे आणि खळगे मात्र खुपतात. खळग्यावरची फळी पाऊल पडताच दबते, करकरते आणि काही महिन्यांत तिचा सांधा तुटतो.

सर्वसाधारण नियम असा, की दहा फूट अंतरात पाच मिलिमीटरहून अधिक चढउतार नसावा. सरळ पट्टी खोलीत आडवी, उभी आणि तिरकी फिरवून उंचवटे-खळगे खडूने खुणावून घ्यावेत. उंचवटे यंत्राने घासून काढावेत. ही धूळ फुप्फुसांना घातक असल्याने कारागिराने तोंडावर योग्य मास्क लावणे आणि धूळ ओढणारे यंत्र वापरणे आवश्यक आहे. खळगे भरण्यासाठी आपोआप पसरून सपाट होणारे सिमेंटयुक्त मिश्रण मिळते. वाळू पसरून किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसने खळगे बुजवण्याचा सोपा मार्ग टाळावा. वाळू सरकते आणि प्लास्टर ओल धरते.

जुन्या टाइल्स न काढता त्यांच्यावर लॅमिनेट किंवा इंजिनिअर्ड वुड बसवता येते. मात्र, प्रत्येक टाइल काठीने ठोकून पाहावी. जिचा आवाज पोकळ येतो, ती उचलून पक्की बसवावी. अखंड लाकडाच्या फळ्यांना खाली प्लायचा आधार लागतो. त्यासाठी पाण्याला टिकणारा, आय.एस. ७१० दर्जाचा प्लाय घ्यावा आणि दोन तक्त्यांमध्ये सुमारे तीन मिलिमीटरची फट सोडावी.

दारे, उंबरठे आणि कामाचा क्रम

फरशीची उंची आधी मोजली नाही, तर दारे उघडेनाशी होतात. लॅमिनेटची ८ मिलिमीटर फळी आणि खालचा फोम धरून जमीन १० ते ११ मिलिमीटरने वर येते. प्लायवर अखंड लाकूड बसवले, तर ३० मिलिमीटरहून अधिक. दारे खालून किती कापावी लागतील, उंबरठा किती बुडेल, शेजारच्या खोलीशी पायरी पडेल का आणि भिंतीतील कपाटाचे दार फिरेल का, हे फळीचा एक तुकडा ठेवून पाहता येते. चौकटीच्या पायाशी फळी कापून बसवण्यापेक्षा चौकटच फळीच्या जाडीइतकी खालून कापून फळी तिच्याखाली सरकवावी. तेथेही फुगण्याला जागा राहते आणि काम सुबक दिसते.

पाण्याचे प्रत्येक काम फरशीपूर्वी संपले पाहिजे. गिलावा, छताचे प्लास्टर, नळजोडणी, वातानुकूलन यंत्राच्या पाण्याची नळी आणि रंगाचे पहिले हात एवढे झाल्यावरच फळ्या खोलीत आणाव्यात. ओला गिलावा आणि रंग खोलीच्या हवेत बरेच पाणी सोडतात. ते कोठे जाणार, हे सांगायला नको. जमिनीखालून विजेच्या किंवा पाण्याच्या नळ्या जात असतील, तर त्यांची रेषा आखून ठेवावी, म्हणजे खिळा नेमका तेथे बसणार नाही.

फळ्यांना खोलीची सवय व्हावी लागते. लॅमिनेटची खोकी न उघडता, आडवी, भिंतीपासून दूर किमान ४८ तास त्याच खोलीत ठेवतात. अखंड लाकडाच्या फळ्या मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचून एक-दोन आठवडे ठेवाव्यात आणि ओलावामापकाने तपासाव्यात. माडीवर जुन्या लाकडी पाटावरच नवी फळी ठोकायची असेल, तर दोन्हींच्या ओलाव्यात फार तफावत नसावी. तीन इंचांहून रुंद फळ्यांसाठी हा फरक दोन टक्क्यांच्या आत असावा, असा संकेत आहे.

शेवटची तयारी भिंतीलगतच्या फटीची. चारही बाजूंनी १० ते १२ मिलिमीटर जागा सोडावी. खांब, नळ, चौकट यांच्याभोवतीही ती हवी. वर स्कर्टिंग बसते, त्यामुळे फट दिसत नाही. मात्र, स्कर्टिंग भिंतीला ठोकावे, फळीला नव्हे. खोली आठ-दहा मीटरहून लांब असेल किंवा दोन खोल्यांत एकसंध फरशी हवी असेल, तर दारात जोडपट्टी देऊन तिचे तुकडे करावेत. तरंगत्या फरशीवर भिंतीत पक्की केलेली जड कपाटे उभी करू नयेत. एका टोकाला दाबून धरलेली फरशी दुसऱ्या टोकाला उचलते.

कुलूप लावण्यापूर्वी

खोली तयार करण्यात घर कसे वापरले जाणार, याचाही विचार आला. बारमाही राहत्या घरात दारे-खिडक्या उघडतात, पंखे फिरतात, चूल पेटते. हवा हलत राहते. बंद घरात पावसाळ्याची दमट हवा कोंडून राहते. जोत्याची ओल त्यात मिसळते आणि फळ्या खालून-वरून पाणी पीत राहतात. अशा घरात लाकडी फरशी करायची, तर वरच्या झडपा जाळी लावून उघड्या राहतील अशी सोय आधीच करावी. पावसाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा उघडीप पाहून कोणी दारे-खिडक्या उघडून पंखे लावील, अशी व्यवस्थाही हवी. ते शक्य नसेल, तर त्या घराला दगडच बरा.

सवयीचा आणखी एक भाग आहे. बादलीभर पाणी ओतून जमीन धुणे किंवा निथळत्या फडक्याने पुसणे लाकडाला मानवत नाही. घट्ट पिळलेले फडके आणि लगेच कोरडा हात एवढेच पुरते. घरात काम करणाऱ्या बाईंना हे पहिल्याच दिवशी सांगावे.

इतके करूनही एखाद्या पावसाळ्यात फळ्यांच्या कडा वर आल्या आणि मध्य खोलगट झाला, तर लगेच रंधा मारायला बोलावू नये. फळीची खालची बाजू वरच्यापेक्षा ओली झाल्याचे ते लक्षण असते. ओलीचे मूळ शोधून बंद केल्यावर बरीचशी फळी हिवाळ्यात आपोआप बसते. ओली असतानाच कडा घासून सपाट केल्या, तर वाळल्यावर त्याच फळीचे मध्य वर येतात आणि दुरुस्ती करावी लागते ती दुरुस्तीची.

कामाचा क्रम थोडक्यात

• आषाढ-श्रावण : पावसात घराबाहेरची फेरी, पन्हळ, पागोळ्या, अंगणाचा ढाळ तपासणे.
• श्रावण-भाद्रपद : तीन ठिकाणी प्लॅस्टिकची चाचणी, संशय असल्यास छिद्र पाडून मोजणी.
• आश्विन : निचऱ्याची दुरुस्ती, वाळवीचा उपचार, पोकळ टाइल्स पक्क्या करणे, उंचवटे घासणे, खळगे भरणे.
• कार्तिक : गिलावा, नळ, वीज, रंगाचे पहिले हात, नंतर खोली उघडी ठेवून वाळवणे. काँक्रीट नवे असेल, तर त्याचे महिने वेगळे मोजावेत.
• मार्गशीर्ष : पुन्हा एक ओलावा चाचणी; आकड्यांची लेखी नोंद; फळ्या खोलीत आणून ठेवणे आणि मग बसवणे.

या यादीत फळ्या सर्वांत शेवटी येतात आणि त्यांना लागतात अवघे चार दिवस. आधीचे चार महिने खोलीचे असतात. ते दिले नाहीत, तर पुढचा पावसाळा ते व्याजासह वसूल करतो.